उघडी वायर

अनसिंग,
४ फेब्रुवारी २०२४

ती. अश्वजितदादास सपनाचा सप्रेम जय भीम वि. वि.

पत्र पाहून घाबरू नोको. देवानंदनं माहा मोबाईल भिंतीवर फोडला, तुहा नंबरबी त्यातच गेला, म्हनून लिहून राह्यली.

आमच्या घरी गॅस आला. पयलेची विजेची शेगडी यानं उपटून मले फेकून मारली, कायले तं भाकर कच्ची राह्यली. पाठ अजून ठणकते. शेगडीची जाड वायर भिंतीतून उघडी लोंबते, गॅसच्या नळीजवळच. वायरमनले बोलवा म्हटलं तं कानाखाली वाजवली. त्या वायरीवर पाण्याचा हीटर लावतो म्हणे. तू याच धंद्यातला, काय करू ते सांग. उत्तर शेजारच्या जैतुनबीच्या पत्त्यावर टाकजो. सासू हिरीबाई आपल्या पोराचं सारं पाहते, बोलत नाही. हा मले मारते, हे आईले सांगू नोको.

लोभ ठेवजो.
तुही सपना

रिसोड,
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय सपनास दादाचा जय भीम.

त्या वायरीले हात लावू नोको. बोर्डात शेगडीचा वेगळा खटका, एमसीबी, असन, तो पाडून ठेवजो. नुसती टेप गुंडाळून भागत नाही. वायर बोर्डातूनच सोडवा लागते आन टोक डब्बीत बंद करा लागते. हीटर बारीक वायरीनं जोडला तं ती वायर जळून जाईन, पन शेगडीचा हा मोठा खटका आपोआप पडनार नाही. अन् गॅसजवळ एक ठिणगी पुरते. हातचं काम सोडता येत नाही, अठरा तारखेले सामान घेऊन येतो. देवानंदशी मीच बोलतो. नंबर खाली लिहिला हाय.

लहानपनी तू मले चावत होती, आता काहून सहन करतं? थट्टेनं लिहिलं, पन सामानाची पिशवी आत्ताच भरून ठेवली.

जिवाले जपजो.
तुहा दादा

अनसिंग,
१४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास जय भीम.

मी जित्ती हाय, हे पयले.

काल सांजच्याले त्याले खटका पाडलेला दिसला. दादानं सांगतलं म्हटलं, तं त्यानं तुहं पत्र हिसकून फाडलं आन गॅसवर जाळलं, नंबरासकट. झिंज्या धरून माहं डोकं ओट्यावर आपटलं. भुवई फाटली, डोळ्यात रगत उतरलं. मंग खटका वर केला, वायर वरच्या कव्हरले धरून वढली आन उघडं टोक माह्या हाताले लावलं. मी दूर फेकल्या गेली. दोन बोटं काळी पडली. तो पुन्हा वायर घेऊन आला.

तवा हिरीबाई उठली. खटका पाडला आन मुसळ घेऊन त्याच्या गुडघ्यावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मले आयकू आला. तो वरडत पडला, तरी तिनं दुसरा घाव घातला. जैतुनबीनं गल्ली गोळा केली.

पोलीस आले तं हिरीबाईच पयले बोलली. पोराचा पाय मीच मोडला, लिहून घ्या म्हणे, आन त्यानं सुनेले वायर लावली, तेबी लिहा.

पोलीस त्याले दवाखान्यात घेऊन गेले, तवा हिरीबाईनं मले हळूच विचारलं, तुह्या भावाच्या घरी म्हातारीले जागा भेटन का. तुले न विचारता मी हो म्हटलं. हे पत्र रिसोडच्या जीपवाल्याजवळ देते. त्याच जीपनं ये. आमी दोघी जैतुनबीच्या ओसरीवर बसलो हावो.

लोभ हायेच, थोडा तिच्यावरबी कर.
तुही सपना