ढब्बूची चिकटवलेली पानं

४ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच! दुकानदाराने सहज विचारलं, "काय भिंगरीबाई, आज आजीबरोबर स्वारी?" नातीने माझा हात घट्ट धरला आणि खणखणीत सांगितलं — "आजोबांना वेळ नाही. ते डोंगरापलीकडच्या यार्डात ढब्बू चालवतात."

ह्यांच्या अंत्ययात्रेला तो दुकानदार आला होता. माझ्याकडे बघतच राहिला. साबण न घेताच परतले.

५ फेब्रुवारी

दोष तिचा नाही, माझाच.

ढब्बू म्हणजे तिच्या गोष्टींच्या पुस्तकातलं डिझेल इंजिन. पिवळं, पोट सुटलेलं, कुणाचेही अडकलेले डबे ढकलून देणारं. पुस्तक ह्यांनीच आणलेलं. हे रेल्वेच्या यार्डात डिझेल इंजिन चालवायचे, म्हणून तिच्या लेखी ढब्बू ह्यांचाच. मीसुद्धा सलग वाचायला त्यातूनच शिकले. त्याआधी माझं वाचन म्हणजे मालगाडीच्या डब्यांवर खडूने खरडलेली गावांची नावं.

शेवटच्या गोष्टीत ढब्बू भंगारात जातो. हे गेले आणि ते मला वाचवेना. खळ शिजवली, कडेकडेने लावली, शेवटची दोन पानं चिकटवून टाकली. तिला म्हटलं, ढब्बू डोंगरापलीकडच्या यार्डात गेला.

"मग चालवतं कोण?"

"आजोबा." — तोंडातून निघूनच गेलं!

मग रोज त्यात भर. आज ढब्बूने साखरेचे डबे ओढले. आज आजोबांनी उगाचच भोंगा वाजवला, साहेब ओरडले. पोरीला फसवत होते आणि सांगताना मलाच बरं वाटत होतं. हेच जास्त खातं मनाला.

८ फेब्रुवारी

सुनेला सांगून टाकलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली. "नवल आहे, आई. माझ्यापाशी तर ती असलं काही बोलतच नाही." मग म्हणाली, "पण खरं काय ते तुम्हीच सांगा."

मुलगा पेपरातून तोंड न काढता म्हणाला, "आता त्या इंजिनाला निवृत्त कर, आई." स्वतःच हसला. मला नाही हसू आलं.

९ फेब्रुवारी

जमलं नाही. "आज ढब्बूने काय ओढलं?" "लाकडं," म्हणाले. भित्री कुठली!

११ फेब्रुवारी

ठरलं. उद्या तिला शेजारी बसवायचं, किटलीच्या वाफेवर पानं सोडवायची आणि भंगाराची गोष्ट मीच वाचायची. रडली तर रडू दे. मला दुष्ट म्हणाली तर तेही ऐकायचं.

१२ फेब्रुवारी

पानं सुटली. आत माझी खळ नव्हतीच! तिच्या शाळेतल्या डिंकाचा वास. एक कोपरा फाटलेला, त्याला आतून वहीचं चिटोरं लावलेलं. भिंगरी पुस्तकाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"मी केव्हाच वाचलंय, आजी. तू ढब्बूचं सांगतेस ना, तेव्हाच हसतेस. म्हणून परत चिकटवलं."