यादीतला मदरबोर्ड

प्रिय डेनी,

कॉम्प्युटरच्या भागांची तुझी यादी येऊन तीन आठवडे झाले. रविवारच्या फोनवर मी दोनदा विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलं असणार. पुढच्या आठवड्यात बुधवारी तुझ्या प्रोबेशन अधिकारी मिसेस ग्रॅबर घर बघायला येणार आहेत. तळघर बघतील, खिडक्या बघतील आणि जाताना एका कागदावर माझी सही मागतील, की तुरुंगातून सुटल्यावर तू बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहशील. सही केली तर दहा मार्चला तू इथे असशील आणि बेनेडेकच्या कारखान्यात कपाटांची ड्रॉइंग काढायचं काम तुला मिळेल. नाही केली तर टोलेडोमधल्या सुटलेल्या कैद्यांच्या वसतिगृहात एक खाट. तिथून कारखाना दोन तासांवर, आणि बेनेडेक कुणासाठी थांबणारा माणूस नाही. मी अजून काही ठरवलेलं नाही. कॉम्प्युटर मात्र तयार आहे. आधी त्याचंच लिहिते.

सहाशे डॉलरच्या वर जायचं नाही असं मी म्हटलं होतं, तू पाचशे ब्याण्णववर आणलंस. प्रोसेसर मागच्या पिढीचा, कारण ड्रॉइंगला तो पुरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, कारण प्रोसेसर स्वतःच पडद्यावर चित्र आणतो. रॅमची एकच पट्टी, दुसरी पहिल्या पगारानंतर. पॉवर सप्लाय मात्र चांगला, कारण तो मरतो तेव्हा एकटा मरत नाही. कॅबिनेट दुकानातलं सगळ्यात कुरूप, आणि त्यापुढे तुझी टीप : 'काच नको, दिवे नकोत, मला त्यात मासे पाळायचे नाहीत.' मी वॉल्टला वाचून दाखवलं. तोही हसला, मग तुझ्या विनोदाला हसलो म्हणून स्वतःवरच चिडला. म्हणाला, "सात वर्षं सरकारने पोसला, पॉली. आता आपली पाळी." माझा नवरा वाईट नाही, तुला माहीत आहे. तळघराच्या भिंतीला त्याने परवा न सांगता रंग दिला. मी विचारलं तर म्हणाला, "ओल होती."

तू दहा वर्षांचा होतास तेव्हा पोलाद कंपनीचं ऑफिस बंद झालं आणि तू त्यांच्या कचऱ्यातून तीन मेलेली यंत्रं उचलून आणलीस. आपल्या जेवणाच्या टेबलावर त्यांतून एक जिवंत केलंस. मी टॉर्च धरून उभी होते. आठवडाभर आपण सगळे मांडीवर ताट घेऊन जेवलो. पडदा उजळला तेव्हा बाबा पाळी संपवून नुकते आले होते. त्यांनी टोपी काढली. चर्चमध्ये काढायचे तशी. मी ते कधी विसरले नाही आणि कोर्टातही मला तेच आठवत होतं. तिथे सरकारी वकिलांनी सत्तावीस म्हाताऱ्या माणसांची नावं वाचली, ज्यांच्या नावावर तू कर्जं काढलीस. आपल्या मावशीचं, ओल्गा तेताचं, नाव नववं होतं. ते सगळं तू याच तळघरात बसून केलंस. मी वर भांडी घासत होते आणि वॉल्टला म्हणत होते, डेनीला काम मिळालेलं दिसतंय, किती वेळ बसतो बघ.

यादी आली त्या आठवड्यातल्या शनिवारी मी ती घेऊन पार्ट्सच्या दुकानात गेले. अर्विन नावाचे एक म्हातारे विक्रेते होते, कानात यंत्र, गळ्यात भिंग. त्यांनी यादी दोनदा वाचली. "ज्याने केली त्याला कळतं," म्हणाले. "फुकट गेलेला एक पैसा दाखवा यात." मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी यादीतल्या मदरबोर्डचा खोका काढला आणि मागच्या बाजूचे दोन सोनेरी खुंट दाखवले. "इथे अँटेना लागतात. वायफाय आतच आहे, मॅम, वेगळं काही घ्यायला नको." मी म्हटलं, वायफाय नकोय. सुटकेच्या अटींत लिहिलंय, यंत्रात बिनतारी काही नसावं, इंटरनेट नसावं. अटी मी त्यांना सांगितल्या नाहीत, फक्त नकोय म्हटलं. त्यांनी शेजारचा खोका काढला. तोच बोर्ड, तेच सगळं, फक्त ते खुंट नाहीत. पंधरा डॉलर कमी. "मग हा घ्या ना! जास्तीचे पैसे कशाला?" तेव्हा मला यादीतली दुसरी टीप आठवली : 'बोर्ड हाच घे. दुकानदार दुसरा गळ्यात मारेल, ऐकू नकोस.' मी खोके तसेच ठेवले आणि गाडीत जाऊन बसले. बऱ्याच वेळाने अर्विन बाहेर आले, काच वाजवली आणि म्हणाले, "बाई, ठीक आहात ना? बोर्डासाठी आजवर कुणी रडलेलं नाही इथे."

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये पिरोही, त्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वळायला गेले. ओल्गा तेता आता त्र्याऐंशीची आहे. त्या कर्जात घर गेल्यापासून दोन खोल्यांत राहते, पण पीठ अजून तीच मळते. मी तिला बोर्डाचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, डेनी परत आला तर तुला चालेल का? तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "येऊ दे की. जेवायला आण. पर्स मी पलंगाखाली ठेवीन." शेजारच्या बायका हसल्या. ती हसली नाही. मग म्हणाली, "कडा नीट दाब, पॉला, उकळताना फुटतात."

दुसरा खोका मी शुक्रवारी जाऊन आणला. पंधरा डॉलर कमी असलेला. जोडणी मीच केली. मी प्रोसेसर बसवायला घेतला तेव्हा वॉल्टने टीव्ही बंद केला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. रॅमची पट्टी पुरती बसली नव्हती. ती खटकन बसेपर्यंत दाबली आणि पडदा उजळला. इंटरनेटची वायर लावायचं भोक सगळ्याच बोर्डांना असतं. ते मिसेस ग्रॅबर सील करणार आहेत. म्हणजे यंत्र अटीप्रमाणे झालं. मग सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पैसे देताना मी अर्विनना विचारलं होतं, यात नंतर कुणी वायफाय बसवू शकतो का? त्यांनी काउंटरवरून नखाएवढी एक वस्तू उचलून दाखवली. "पुढे खोचायची. दहा सेकंद लागतात." तेव्हापासून झोपेतही मी तेच दहा सेकंद मोजते आहे. मी कुठलाही बोर्ड निवडला असता तरी काही फरक पडणार नव्हता.

हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तिथे कुणीतरी उघडून वाचेल, हे मला माहीत आहे. म्हणून तीनदा लिहून फाडलं. पण मिसेस ग्रॅबर विचारतील तेव्हा मी खोटं बोलणार नाही, मग तुझ्यापाशी तरी आडून का बोलू? सात वर्षांत वस्तू बदलल्या. त्या खुंटांचा अर्थ तुला माहीत नसेल, कुणा नव्या कैद्याने सांगितलं म्हणून तू लिहिलं असशील, हेही शक्य आहे. मी ते स्वतःला रोज सांगते. रविवारी फोन करशील तेव्हा हवापाणी नको, वॉल्टची तब्येत नको. एवढंच सांग, तुला माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं म्हणालास तर मी बुधवारी सही करीन. वॉल्टशी भांडून करीन. खरं बोलणाऱ्या माणसाबरोबर मी एका घरात राहू शकते, मग त्याच्या मनात काही का असेना. पण तू नव्हतं म्हणालास, तर ते खरं की खोटं, हे मला तुझ्या आवाजावरून ओळखता यायला हवं, आणि तू वर्षभर याच तळघरातून मला रोज 'गुड मॉर्निंग' म्हणत होतास, तेव्हा मला काहीच ओळखता आलं नव्हतं. तुला खरोखरच माहीत नसेल, तर मी काय करायचं, डेनी? ते मला अजून सुचलेलं नाही. रविवारी मी फोनजवळच बसलेली असेन.

तुझीच,
पॉला