काठाखालचं नाव

सालोना, नाताळनंतर

चि. लेओन्तीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं सोन्याचं नाणं पोचलं. टांकसाळीच्या माणसाला रावेन्ना सोडता येत नाही, म्हणून प्रोबाच्या लग्नात निदान मामाच्या हातचं काही गळ्यात असावं, हा विचार चांगलाच. पण अरे शहाण्या, नाव कोणाचं आहे ते बघितलंस का? तिकडच्या नव्या पोरसवदा सम्राटाचं, रोम्युलसचं! त्या पोराच्या बापाने ज्याला गादीवरून हुसकलं, तो नेपोस इथे आमच्या गावात राहतोय, आणि आमचे व्याही गौदेन्ती त्याच्याच महालावर पहारेप्रमुख. हे असलं गळ्यात घालून आमच्या घरात सून येणार नाही, म्हणाले. प्रोबा तुझ्या खांद्यावर बसून वाढलेली. मामाचं नाणं नाही तर लग्नही नाही, म्हणते. दोघंही हट्टी, मधल्यामधे माझं मरण.

काय करू, लवकर कळव. खोकला कसा आहे? सुके अंजीर पाठवलेत, एकटाच खाऊ नकोस. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी ताई,
दोमनिका

रावेन्ना, फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

चुकलोच. इथे जो गादीवर, त्याचं नाव कोरायचं, डोकं चालवायचं कामच नाही. पण व्याह्यांना विचार, चेहरा कोणाचा आहे? डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर भाला. नेपोसचा म्हणून कोरला होता तोच हा! मी कुठल्याही सम्राटाला कधी पाहिलेलं नाही. नवा आला की नाव तेवढं बदलतो, नाक बदलायला वेळ कोणाला आहे?

नाव काठाने फिरतं. सोनाराकडून भोवती रुंद पट्टी बसवून घे, अक्षरं झाकली जातील. मग व्याह्यांनी त्याला खुशाल नेपोस म्हणावं.

अंजीर एकट्यानेच खाल्ले. प्रोबाला सांग, मामा रुसलेला नाही. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
लेओन्ती

सालोना, चार वर्षांनंतरचा जून

चि. लेओन्तीस अनेक आशीर्वाद.

नेपोसला त्याच्याच माणसांनी मारलं, हे तुझ्या कानावर आलं असेल. गावात तसं ठीक आहे, मासळी मिळते. मारणारेच आता महालात बसलेत.

तुझ्या पट्टीने तेव्हा लग्न तरलं. परवा प्रोबाकडे गेले, तर गौदेन्ती घाम पुसत म्हणतात, ती पट्टी काढून टाकू या. आतलं रोम्युलसचं नाव दिसलं की आपण नेपोसचे नव्हतोच असं सांगता येईल, नोकरी टिकेल. इश्श! ज्या नावापायी लग्न मोडायला निघाले होते, तेच आता हवं! मला हसू आवरेना.

प्रोबाने साफ नकार दिला. तिची लेक रोज त्या चेहऱ्याचा पापा घेऊन झोपते. मामाआजोबाने केलंय असं आईने सांगितलं, तर पोरगी समजते की तो तूच आहेस. गौदेन्तींनी नातीकडे पाहिलं आणि पट्टीचं पुन्हा नाव काढलं नाही. नोकरी गेली, घरी बसलेत.

पोरीला खरं काय ते मीही सांगितलं नाही. तुझा चेहरा मलाच आता नीट आठवत नाही रे. हल्ली मीसुद्धा तोच बघते.

जिवाला जप.

तुझी ताई,
दोमनिका