शनिवारचा फोन

जेल रोड, नाशिक रोड
गुरुवार, २६ मार्च

प्रिय साधना,

हातात फोन असताना नानांनी पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. माझी तब्येत ठणठणीत आहे, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील. पोस्टाने पाठवलं तर तुझ्या हातात पडेपर्यंत आपल्या टीमचे दोन-तीन सामने होऊन जातील, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ. पण शनिवारच्या आत वाच, कारण आपला शनिवारचा फोन पुढे चालू ठेवायचा की नाही, हेच मला तुझ्याशी बोलायचं आहे आणि ते फोनवर मला जमणार नाही.

आधी टीमचं, म्हणजे नेहमीसारखी सुरुवात होईल. गेल्या वर्षी दहा क्लबांत आपण आठवे आलो. यंदा नवा कोच आहे आणि तो म्हणे पोरांना पहाटे सहाला पळवतो. चांगलं आहे, पण पळून काय होणार? आपला रोग पळण्याचा नाहीच. गोलजवळ बॉल नेतो आणि तिथे माती खातो. त्या लाल दाढीवाल्याने गेल्या वर्षी मधल्या दोन खांबांतून मारायचे तेवढेच बाजूच्या खांबांतून मारले, म्हणजे सहा गुण मिळायचे तिथे एक. मी त्याचं नाव ‘एकवाला’ ठेवलंय ते तुला ठाऊकच आहे. मधोमध उडी मारून बॉल मिळवायला यंदा जो पावणेसात फुटांचा नवा पोरगा आणलाय, त्याच्यावर माझी मदार आहे. पहिले तीन सामने बघता पहिला बाहेरगावी आहे, तो गेला म्हणून समज. दुसरा घरच्या मैदानावर आहे, तो काढायलाच हवा. तिसरा गतविजेत्यांशी आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं. तरी मी म्हणतो, सहावे येऊ. मागच्या वर्षीही मी सहावेच म्हटलं होतं.

हे सगळं मी किती सराईतपणे लिहिलं बघ. सहा-सात वर्षांपूर्वी कुणी मला सांगितलं असतं की तू नाशिक रोडला बसून ऑस्ट्रेलियातल्या एका गावच्या फुटबॉल टीमची काळजी करशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमचा पोरगा तिकडे गेला तेव्हा पहिली दोन वर्षं आमचा फोन तीन मिनिटांत आटपायचा. जेवलास का, थंडी आहे का, बरं ठेवतो. तुझ्या सासूबाई होत्या तोवर त्या इकडचं तिकडे सांगायच्या. त्या गेल्या आणि आम्हा बापलेकांना एकमेकांशी बोलायचं कसं तेच कळेना. मग एका शनिवारी सकाळी त्याचा मैदानावरूनच फोन आला. नाना, जरा ऐका, म्हणाला आणि फोन लोकांच्या गलक्याकडे धरला. मी विचारलं, हा कसला खेळ, बॉल धड गोलसुद्धा नाही. झालं. त्याने कागदावर लंबगोल मैदान काढलं, दोन्ही टोकांना चार-चार खांब, एका बाजूची अठरा माणसं, आणि फोटो काढून पाठवला. पुढच्या शनिवारी त्यावर माझी परीक्षा घेतली.

माझी छत्तीस वर्षं प्रेसमध्ये पोस्टाच्या तिकिटांच्या छपाईतल्या चुका शोधण्यात गेली, त्यामुळे मोबाईलवर सामना बघताना आपल्या टीमच्या चुका मला फटाफट दिसायच्या. त्याला याची गंमत वाटायची. तो गुणफलकावर बसायचा, आकडे बदलायचा आणि मध्येच मला मेसेज करायचा, नाना, आता काय चुकलं? सामना संपला की आम्ही अर्धा अर्धा तास बोलायचो, भांडायचो. तो कोचची बाजू घ्यायचा, मी त्याला म्हणायचो, तुला कळत नाही, तू मैदानावर बसून आंधळा आहेस. साठी उलटल्यावर मला माझा मुलगा मिळाला तो असा, साधना. लग्न होऊन तू तिकडे गेलीस तेव्हा तू कानांवर हात ठेवून म्हणायचीस, हे दोघं सुरू झाले, मी चालले भाजी आणायला. तेव्हा तुला या खेळाचा किती कंटाळा होता, हे मी विसरलो. मुद्दाम विसरलो असेन.

मग ती जुलैतली शनिवारची संध्याकाळ. बाहेरगावचा सामना आटोपून परतताना धुकं, ओला रस्ता आणि ते झाड. हे तुला मी सांगायला नको. तू त्याला घेऊन आलीस, दिवस झाले, तेराव्यानंतर मी तुला राहा म्हणालो नाही, कारण नोकरी तिकडे होती आणि या घरात माझ्याबरोबर बसून तू काय करणार होतीस? परत गेल्यावरच्या पहिल्या शनिवारी दुपारी दीडला तुझा फोन आला. नाना, म्हणालीस आणि पुढे काहीच बोलेनास. तुझा श्वास तेवढा ऐकू येत होता. मला भीती वाटली की ही आता फोन ठेवेल आणि पुन्हा कधी करणार नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, आज कोण जिंकलं? ज्या खेळावरून परतताना तो गेला, त्याचाच स्कोअर मी त्याच्या बायकोला विचारला. जीभ हासडून टाकावीशी वाटली मला. पण तू म्हणालीस, थांबा नाना, बघून सांगते, आणि खरंच बघून सांगितलंस. आपण बारा गुणांनी हरलो होतो.

तेव्हापासून तुझा एक शनिवार चुकला नाही. पावणेदोन वर्षं होत आली. मी मनाशी म्हटलं, पोरीला या खेळाचा आधार वाटतोय, तर आपण तो काढून घ्यायचा नाही. आता एक कबूल करतो. तो गेल्यापासून मी एकही सामना पाहिलेला नाही. एकदा लावून बसलो होतो, कॅमेरा गुणफलकाकडे वळला, तिथे दुसराच कुणी आकडे बदलत होता, आणि मी बंद केलं. पण दर शनिवारी क्लबच्या पानावर सामन्याची हकिगत, हंगाम नसला तर टीमची बातमी येते, ती मी चष्मा लावून दोनदा वाचायचो, वहीत मुद्दे काढायचो आणि दीडच्या आधी जेवून तयार राहायचो. एकवाल्यावर मी जो राग काढायचो तो सगळा उसना होता. तू हसायचीस म्हणून काढायचो.

आता गेल्या शनिवारचं. हंगामाआधीचा सराव सामना होता. दीड वाजत आला तरी पानावर हकिगत येईना. म्हटलं, आज काय बोलणार? पण तुझा फोन आला आणि मी ठोकून दिलं, पहिल्या क्वार्टरला आपली पोरं झोपली होती. तू म्हणालीस, हो ना नाना, पण तिसऱ्यात बरं सावरलं. मी विचारलं, तो नवा उंच पोरगा कसा वाटला? तू म्हणालीस, उडी छान मारतो, पण हातातून बॉल सोडतो. मी म्हटलं, अगदी, मला तेच दिसलं. एकवाल्याने पुन्हा एक-एकच गुण काढले यावर तर आपलं एकमत झालं. बावीस मिनिटं बोललो आपण. फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं.

रविवारी वहीत स्कोअर उतरवायला पान उघडलं. तिथे दोनच ओळी होत्या. शनिवारी दुपारी विजा चमकत असल्यामुळे सामना सुरू होण्याआधीच रद्द केला. बॉल हवेत उडालाच नाही, साधना. मी त्या ओळी चारदा वाचल्या. आधी हसू आलं, एकटाच खो खो हसलो. मग हसता हसता थांबलो. मी सामना पाहिला नव्हता हे मला माहीत होतं. पण तूही पाहिला नव्हतास. नाना म्हणतायत म्हणजे झाला असणार, असं धरून तू माझ्या थापेला थाप जोडत गेलीस. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला हे इतके दिवस दिसलं नाही. तरी मी मनाची समजूत घातली की एखादा शनिवार पोरीला कामातून वेळ नसेल मिळाला.

काल तुझी आई आली. मनमाडहून पंचवटी एक्स्प्रेसने, सकाळी साडेसातलाच दारात. चहासुद्धा घेईना. म्हणाली, भाऊ, तुम्हाला सांगू नको अशी शपथ घातलीये पोरीने, पण मला आता राहवत नाय. मग तिने मला कुंदनचं सांगितलं. धुळ्याकडचा, तिकडे तुझ्याच गावात औषधांच्या दुकानात काम करणारा, बायको जाऊन तीन वर्षं झालेला. गेलं वर्षभर तुझी विचारपूस करतो, पाच-सहा महिन्यांपूर्वी तुला सरळ लग्नाचं विचारलं. आता त्याला ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला नोकरी लागलीये, एप्रिलअखेर जायचंय आणि तू नाही म्हणून बसलीयेस. आईने कारण विचारलं तर म्हणालीस, शनिवारी नाना कुणाशी बोलतील? त्यांना त्या टीमशिवाय दुसरं आहे काय? इथलं गाव सोडलं तर त्यांना मैदानाचं कोण सांगेल?

मी तुझ्या आईला म्हटलं, अहो, तिलाच त्या टीमची ओढ आहे. तेव्हा त्या माऊलीने कपाळावर हात मारला. म्हणाली, कसली ओढ भाऊ, ती त्या मैदानाच्या रस्त्यानेसुद्धा जात नाय. कामाला जाताना पार गावाला वळसा घालून जाते. शनिवारी दुपारी खिडक्या लावून बसते, गलका ऐकू येतो म्हणून. आणि संध्याकाळी मोबाईलवर वाचून तुम्हाला फोन करते, मग त्या दिवशी जेवत नाय.

मी गेल्या आठवड्यात तुला विचारलं होतं, यंदा मैदानावर गवत कसं आहे? तू म्हणालीस, छान हिरवं आहे नाना. दर हंगामाला मी ते विचारतो. काल तुझी आई दुपारच्या गाडीने गेली आणि मी खुर्चीतच बसून राहिलो. शेजारच्या जयरामने दार वाजवलं, तेही उघडलं नाही. मी तुला आधार देतोय या समजुतीत मी दर शनिवारी तुला त्या झाडापाशी नेऊन उभं करत होतो. तुला सोडवायला मी विषय काढायचो, मला सोडवायला तू उत्तर द्यायचीस, आणि दोघांपैकी एकालाही सोडवता आलं नाही. मला क्षमा कर, बाळ. हा शब्द मी घरात कुणाला कधी म्हटलेला नाही, तुझ्या सासूबाईंनाही नाही.

म्हणून हे पत्र. या शनिवारी मला फोन करू नकोस, पुढच्याही करू नकोस. तो फोन कुंदनला कर आणि हो म्हण, आणि पर्थला जा. इथून सासऱ्याची परवानगी लागते असं मी मानत नाही, पण तुला ती हवी असेल तर ही माझ्या हातची, सहीनिशी. मुलीसारखी पाठवणी करीन, कुंदनला सांग, मुंडावळ्या मी आणणार. टीमचं काय व्हायचं ते होवो. आणि आता जे सांगतोय ते मला कालपासून झोपू देत नाही. पावणेदोन वर्षांची वही चाळली, सगळे स्कोअर आहेत, सगळ्या खेळाडूंची नावं आहेत, आणि एवढ्या फोनांत आपण दोघांनी मिळून त्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही. हर्षल. एकदा लिहिलं, पुन्हा लिहितो. हर्षल. तुझी नवी घडी नीट बसली की एखाद्या मंगळवारी, बुधवारी, सवड असेल तेव्हा मला फोन कर आणि त्याच्याबद्दल सांग. तो घरी कसा वागायचा, सकाळी किती वाजता उठायचा, तुझ्याशी कशावरून भांडायचा, माझ्याबद्दल काय बोलायचा. मला माझा मुलगा फक्त शनिवारचा माहीत आहे, साधना. त्याचे बाकीचे सहा दिवस तुझ्याकडे आहेत.

तुझाच,
नाना