रीफरला घरचा हात

मरोळ, अंधेरी (पूर्व)
रविवार

ती. राजाराममामांस,

सिद्धेशचा कुडाळपर्यंत वाकून नमस्कार. मामीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो का? आणि तुमचा खोकला (फोनवर 'काय नाय रे' म्हणून दाबता तो) कसा आहे? इकडे मी जिवंत आहे. मामा, हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. या खेपेला ती बातमी आहे.

आपली रीफर, म्हणजे मासळी वाहायची फ्रिजची गाडी (सोसायटीतल्या सोनूबाई अजून तिला शववाहिनी समजून हात जोडतात), मागच्या महिन्यापासून कुरकुरत होती आणि नीट गार करत नव्हती. साकीनाक्याच्या एका दुरुस्तीच्या शॉपमध्ये नेली. त्यांनी ठेवून घेतली, परत दिली, आणि कुरकुर तीच, फक्त जरा सुरात. तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "अरे, एस्टीच्या डेपोत जन्म गेलो माझो. आपल्या गाडयेक आपलोच हात होयो. शॉपवाले नुसती फुंकर मारतत आणि बिल फाडतत." (मी तुम्हाला दोष देत नाहीये. तो तुमची सूनबाई देतेय, दिशा. मी फक्त कळवतोय.)

मग मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस हसत हसत झाकण काढतो, आतली कॉइल, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांची जाळी, धुतो, झाकण लावतो. कुठेही घाबरत नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता.

मंगळवारी सकाळी गाडी इमारतीमागे लावली. दुसऱ्या दिवशी घाटकोपरच्या हॉटेलवाल्याची सुरमई-कोलंबी पोचवायची होती, आणि पुन्हा माल मऊ आला तर दुसरी गाडी बघीन, असं त्याने बजावलेलं. आमचं पोटच गाडीच्या त्या मागच्या बंद पेटीवर. पेटीच्या आत, अगदी पुढच्या भिंतीला, वरच्या अंगाला पंखा आणि त्यामागे ती कॉइल असते. युनिट बंद करून मी स्टुलावर चढलो. दिशाला म्हटलं, दाराशी थांब. ती थांबलीही. मग तिच्या आईचा फोन आला.

कॉइलवर बर्फाचा जाड थर होता. तो आपोआप वितळेपर्यंत थांबा, असं व्हिडिओत सांगतात. पण बर्फासारख्या वस्तूसाठी आपण काय थांबायचं, म्हणून मी स्क्रूड्रायव्हरने टोचला. एक ढलपा पडला. हुरूप आला. आणखी टोचला. आणि मामा, फुरशावर पाय पडावा तसा फुस्स आवाज! नळीला भोक पडून गॅस सुटला होता. मी स्टुलावरून उडी टाकली, टॉर्च लावलेला मोबाईल हातातून सुटून विझला आणि त्याच वेळी वाऱ्याने दार धाडकन लागलं.

त्या पेटीच्या भिंती गारवा बाहेर जाऊ देत नाहीत, तशी हाकही जाऊ देत नाहीत. डोळ्यांसमोर काही नाही, कानात ते फुस्स. बंद जागेत हा गॅस साचला की श्वासाला हवाच उरत नाही, हे व्हिडिओवाल्याने शेवटी सांगितलं होतं (तेही हसत). मी दारावर बुक्क्या मारल्या, लाथा मारल्या, खांदा दिला. दार तसूभर हलेना. शेवटी रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, ह्या लेकराक ह्या पेटीतसून भायर काड रे म्हाराजा!" आणि पुढचं "होय म्हाराजा"ही मलाच म्हणावं लागलं, कारण आत दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा जो आवाज फुटला, तो मला माझा वाटलाच नाही. शेवटच्या आजारात बाबांचा व्हायचा तसा होता.

मग दिशाने दार उघडलं. मी बाहेर येऊन लादीवर आडवा झालो. ती "काय झालं रे? बोल ना!" म्हणत मला हलवत राहिली. वरून खिडकीतून सोनूबाईंनी हात जोडले.

गाडी आता पुन्हा त्याच शॉपमध्ये आहे. मालकाने आधी भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किसने हात लगाया?" मी म्हटलं, मामाने. (माफ करा. तोंडातून निघून गेलं.) आता अख्खी कॉइल बदलणार. घाटकोपरचा माल दुसऱ्याच्या गाडीतून गेला. हॉटेलवाला "एक बार चलेगा" म्हणाला, पण 'एक'वर जोर देऊन. तेव्हा यापुढे बाहेरचे पट्टे नि ऑइल मी बघेन, आतलं शॉपवाला. तो लुटतो, पण दार उघडं ठेवून लुटतो.

मामीला नमस्कार. हे पत्र तिला वाचून दाखवू नका, ती लगेच आईला फोन करील.

तुमचा भाचा,
सिद्धेश

ता. क. दिशाने पत्र वाचलं. म्हणते, खरं काय ते लिही. दार नुसतं टेकलं होतं, कडी पडलीच नव्हती. एका बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. उडी मारताना अंधारात माझं तोंड भलतीकडे झालं, आणि मी जी बडवत होतो ती पुढची भिंत होती. तिने दार उघडलं तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून देवाला हाका मारत होतो.

आणखी एक. हे कळल्यावर भीती जायला हवी होती. उलट वाढलीय. कडीची भीती असती तर कडी बदलली असती. पुढच्या आठवड्यात गाडी मिळेल, माल तर पेटीत शिरूनच लावावा लागतो, आणि दिशाला तिची नोकरी आहे. मामा, थोडे दिवस या ना. हत्यारं आणू नका. नुसते दाराशी उभे राहा आणि बोलत राहा, डेपोबद्दल, शॉपवाल्यांबद्दल, कशाबद्दलही. आवाज येईल तिकडे दार, एवढं मला पुरेल.