दलदलीत राहिलेली पिशवी

दि. १४ नोव्हेंबर, मंगळवार

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? जावयांचा खोकला गेला का? इकडे माझं बरं चाललंय. हॉटेलवाल्याच्या चाळीस पडद्यांचं काम काल एकदाचं हातावेगळं केलं. मशीनचा पट्टा दोनदा तुटला, बाकी तक्रार नाही. परवा खेळताना ऐन वेळी माझं नेट गेलं आणि तुमची पिशवी दलदलीत राहिली, त्याचं वाईट वाटतं.

सोबतची उशी तुमच्यासाठी शिवली आहे. खेळताना पाठीशी घ्या. पत्र मुद्दाम खोळीच्या आत घातलंय. तुम्ही हातात आलेली प्रत्येक वस्तू उलटसुलट करून बघता, म्हणजे सापडणारच. फोन केला असता, पण तुम्ही स्पीकरवर बोलता आणि अख्ख्या घराला ऐकू जातं. हे लेकीने ऐकू नये असं मला वाटतं.

लेक लग्न करून तुमच्या घरी आली, तेव्हा आम्हा मायलेकींना फोनवर बोलायला काही उरेना. "जेवलीस?" "हो." "बाकी काय?" "काही नाही." मग तिने माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर हा खेळ टाकून दिला. चार-पाच मित्रांनी एका खोलीत बसून बनवलेला आहे म्हणे. जंगल, डोंगर, राक्षस, आणि जाल तिकडे रस्ता. पहिले पंधरा दिवस मी नुसती झाडांना धडकत होते आणि ती तिकडे पोट धरून हसत होती. तिचं ते हसणं ऐकायला मी आणखी दोन-चार झाडांना मुद्दाम धडकले.

रविवार, चार ते सहा. तळ्याकाठी आम्ही घर बांधलं. ओंडका न् ओंडका मी वाहिलाय. दोन पलंग, एक चूल, आणि खिडकीशी माझा माग. ती लाकडं फोडायची, मी झगे विणायची, आणि हात कामात असले की पोरीचं तोंड सुटायचं. ऑफिसातल्या साहेबाबद्दल सांगायची, जावयांच्या विसरभोळेपणाबद्दल सांगायची. तुमच्याबद्दलही थोडं कुरकुरायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागायचं.

आणि ऑगस्टमध्ये एका रविवारी हेडफोनमधून तुमचा आवाज आला, "नमस्कार! मीपण आले हं!"

लेकीने तुमच्यासाठी तिसरा पलंग मांडला, तो खिडकीशी. माझा माग सरकवून दाराशी नेला. "आई, तिथे काय फरक पडतो गं?" म्हणाली. फरक पडतो. दाराशी सारखी जा-ये असते आणि तळं दिसत नाही.

तुम्ही तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलात, त्यामुळे आठ दिवसांत सगळा नकाशा तुम्हाला तोंडपाठ. तिने मला 'सुईताई' नाव दिलं होतं, तुम्हाला 'नकाशाबाई' दिलं. मग तुम्ही धनुष्य उचललंत. पहिल्याच बाणात उडता पक्षी खाली! "आई, यांचा नेम बघ!" मी "वा!" म्हणाले. तो 'वा' घशातून कसा बाहेर आला ते माझं मला ठाऊक. त्या दिवसापासून तुम्ही दोघी पुढे आणि मी मागे, तुम्ही मारलेल्यांची कातडी गोळा करत. आता लेक कुरकुरतही नाही. कशी कुरकुरणार? तुम्ही शेजारीच असता.

विहीणबाई, तुम्हाला ती रोज मिळते. सकाळचा चहा तुमच्याबरोबर, रात्रीचं जेवण तुमच्याबरोबर. तिचा पाय मुरगळला ते तुम्हाला आधी कळलं, मला चार दिवसांनी. मला आठवड्यातले दोन तास होते आणि त्यातही तुम्ही येऊन बसलात. माझा जळफळाट झाला. अजून होतो.

आता परवाचं सांगते. माझं नेट गेलं नव्हतं.

दारात नळवाला आला म्हणून लेक उठून गेली. आपण दोघीच दलदलीत होतो. चिखलातून तो तीन डोळ्यांचा बेडूक निघाला आणि एका फटक्यात तुम्ही आडव्या. पडलेल्याला तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात सोबतिणीने जवळ येऊन कळ दाबून धरली तर पडलेली उठते, नाहीतर पिशवी तिथेच राहते आणि ती घरी रिकाम्या हाताने जागी होते. हे तर तुम्हीच मला दोनदा समजावलं होतंत.

"अहो, पडले मी. या ना."

"आले, आले."

मी आले. अगदी तुमच्या डोक्याशी उभी राहिले.

"कळ दाबून धरा, अहो. हात द्या."

"दाबतेय हो. होत नाहीये."

माझे दोन्ही हात मांडीवर होते. आकडा उतरत होता. मला वाटलं होतं की मजा वाटेल, आणि दहापर्यंत वाटलीसुद्धा. मग तुम्ही बोलायच्या थांबलात. कळलं असणार तुम्हाला. पाच, चार, तीन. तेव्हाही हात उचलता आला असता. नाही उचलला.

लेक परत आली, मी नेटचं निमित्त सांगितलं. नेट गेलं असतं तर माझा आवाज तुम्हाला आला असता का? तीस वर्षं वर्गातले बहाणे ऐकलेल्या बाईला हे समजलं नसेल? तरी तुम्ही म्हणालात, "अगं, मीच यांचं न ऐकता पुढे गेले." माझी बाजू सावरून घेतलीत, आणि माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. मोठेपणातही तुम्हीच पुढे!

काल दुपारी मी एकटी दलदलीत गेले. पिशवी तिथेच आहे. दुसऱ्याची पिशवी उचलता येत नाही, पण उघडून बघता येते. अकरा बाण, अर्धा पाव आणि रेशमाचे सत्तावीस निळे कोष. लेकीसाठी निळा झगा विणायचा असं मी उन्हाळ्यात तिच्याजवळ बोलले होते. त्याला तीस कोष लागतात, आणि ते भल्या पहाटे त्या बेडकाच्या चिखलातच मिळतात, एका पहाटे एकच. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? आता ही बाई माझा मागही घेणार. मग तुमची चिठ्ठी दिसली. तुम्ही सगळ्यालाच चिठ्ठ्या लावता. 'सुईताईंसाठी. तीस झाले की देणे.'

सत्तावीस वेळा गेलात तुम्ही तिथे. एकट्या, अशी कंबर घेऊन बसून. मी कॉम्प्युटर बंद केला आणि संध्याकाळपर्यंत मशीनला हात लावला नाही.

मला माफ करा. लेकीला सांगायचं की नाही ते तुमच्यावर सोडते. तिला कळलं तर ती माझ्याकडे पूर्वीसारखं बघेल का, याची मला फार भीती वाटते. पण तुम्ही सांगितलंत तर मी नाही म्हणणार नाही.

पिशवी सात दिवस राहते, रविवारी संध्याकाळी नाहीशी होईल. उशी शुक्रवारपर्यंत पोचेल. शनिवारी चार वाजता लेक ऑफिसात असते, तेव्हा याल का? आपण दोघीच जाऊ. उरलेले तीन कोषही मग तीन पहाटे जाऊन काढू. झगा मात्र मीच विणणार आणि मीच तिच्या अंगावर घालणार, त्यावरून भांडू नका. आणि तुमचा पलंग खिडकीशीच राहू दे. माग त्याच्या शेजारी मावतो, मी मोजून पाहिलंय.

या वेळी मी पुढे चालते. तुम्ही पडलात तर पहिल्या हाकेला हात देईन. मी पडले, तर तुमच्या मनाला येईल ते करा. मी हाक मारणार नाही.

शनिवारी दलदलीच्या कडेला उभी असेन.

तुमची विहीण,
सुईताई