जुनिपर घोडीचं आजोळ

पासिर रिस, सिंगापूर
जून २०१७

प्रिय ऋग्वेदा,

मुद्दाम कागदावर लिहितेय. स्काइपवर बोलायला बसलं की तुझ्या खांद्यामागून डॉरथी डोकावते, मेधा म्हणता येत नाही म्हणून "हाय मीडा!" करते, आणि मला जे बोलायचं असतं ते घशातच राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तू अंगठा दाखवून मोकळी. पत्र तरी निदान शेवटपर्यंत वाचशील. नाही वाचलंस तर मला कळणार नाही, तेवढंच बरं.

गेल्या आठवड्यात तू विचारलंस की डिसेंबरातल्या लग्नात नाव बदलू का. तुझ्या होणाऱ्या सासूबाईंची, शुभाताईंची, फार इच्छा आहे, ओजसची ओजस्विनी करायची. ओजस म्हणतो तुम्ही बायका काय ते ठरवा; पोरगा शहाणा आहे, नको तिथे तोंड उघडत नाही. मग तू म्हणालीस, डॉट म्हणते अजिबात बदलू नकोस, आई, तू काय म्हणतेस? आणि मी म्हटलं, बदल. त्यांच्याकडची पद्धत आहे, आणि त्या डॉरथीला आपल्यातलं काय कळतंय! तू आपल्या सिंगापुरी इंग्रजीत "ओके लाह, आई" म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल आमटीत दोनदा मीठ घातलं. बाबांनी मुकाट्यानं खाल्ली, त्याचाही मला रागच आला.

एकदा लिहूनच टाकते. मी जळते तिच्यावर. आजपासून नाही, तू दहा वर्षांची होतीस तेव्हापासून. शाळेत तोंड उघडत नाही म्हणून तुझ्या टीचरनं मला बोलावून घेतलं होतं, आठवतं? घरी मराठीत विचारलं की तू इंग्रजीत उत्तर द्यायचीस, इंग्रजीत विचारलं की मान हलवायचीस. मग त्या कोणाच्या तरी वाढदिवसाला आपण इथल्या घोड्यांच्या क्लबात गेलो, आणि तिथे ही बाई. उन्हानं भाजलेलं तोंड, पुरुषी बूट, नवरा कुठल्याशा तेल कंपनीत. स्वतःची घोडी अमेरिकेतल्या आयडाहोहून विमानात घालून आणलेली. तिनं तुला एक शब्द विचारला नाही, नुसता जुनिपरचा दोर हातात दिला. तू त्या घोडीशी बोलायला लागलीस आणि मग डॉरथीशी, आणि घरी आल्यावर बाबांना अख्खी संध्याकाळ सांगत बसलीस. मी देवाला साखर ठेवली. आणि ओट्याशी उभी राहून रडले, कारण जे मला वर्षभर जमलं नाही ते त्या बाईला एका दोरानं जमलं.

घोडी तरी देखणी असावी की नाही! अंगभर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके, नाकाशी कातडी चट्ट्यापट्ट्यांची, खुरांवर उभे पट्टे, आणि डोळ्यात माणसासारखं पांढरं. माझ्याकडे बघायची ती अशी, की जणू मी तिच्या घरी न सांगता आलेय. दर शनिवारी मी डबा घेऊन बाकावर बसायचे. थालीपीठ तुझ्यासाठी केलेलं. अर्धं डॉरथीच खायची, बोटं चाटत, आणि वर मला विचारायची की यात काय काय घालतेस. मी दरवेळी एक जिन्नस कमी सांगायचे. हसू नकोस. अजूनही तिची थालीपिठं तव्यावर मोडतात, तूच सांगितलंस.

आणि जुनिपरवरून पडलीस त्या दिवशी? मी कुंपणाच्या अलीकडे, ती मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. चपला टाकून धावले मी. तू मातीत बसून खांदा धरला होतास आणि ओरडत होतीस, "डॉट! डॉट!" मी तुझ्याजवळ पोचले होते गं. माझा हात तुझ्या डोक्यावर होता. तरी तू तिलाच हाक मारत होतीस. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, गळ्याजवळचं हाड आहे, जुळेल. ते जुळलंही. मला मात्र ती हाक अजून जशीच्या तशी ऐकू येते.

तुला वाटायचं, तू जेवताना त्या घोडीचं आजोळ सांगत बसायचीस ते मी ऐकत नव्हते. पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकलंय. पाहिजे तर परीक्षा घे. पलूज नदीच्या काठी नेझ पर्स नावाचे लोक, ठिपक्यांच्या घोड्यांवर जीव लावणारे. अठराशे सत्याहत्तर साली अमेरिकेच्या सैन्याशी त्यांची लढाई झाली, बायकापोरं आणि घोडे घेऊन डोंगर ओलांडत ते कॅनडाकडे निघाले आणि सरहद्द हाताशी आली असताना धरले गेले. माणसं दूर दक्षिणेला पाठवली, घोडे काढून घेतले, विकले. त्यातली पुढच्या पायानं लंगडणारी एक घोडी डॉरथीच्या खापरपणजोबांच्या दारात आली. तिला नाव असणारच. पण ते ज्याला ठाऊक होतं त्याला कुणी विचारलंच नाही, म्हणून यांनी तिला नुसतं 'म्हातारी' म्हटलं. म्हातारीला नांगराच्या घोड्यापासून झालेली क्लोव्हर. तिच्या अंगावर एक ठिपका नाही, फक्त खुरांवर पट्टे. लोक म्हणाले, गेलं ते रक्त. क्लोव्हरच्या पोटी कॅमस, आणि कॅमसच्या पाठीवर सगळे ठिपके परत! कॅमसची स्नोबेरी. पुढे एकोणीसशे अडतिसाला या घोड्यांची नोंद ठेवणारी संस्था निघाली, तेव्हा स्नोबेरीच्या लेकीचं नाव तिथे लागलं. मग आणखी लेकी, लेकींच्या लेकी, आणि शेवटी आपली जुनिपर. नर घोड्यांची नावं मी शिकलेच नाही, कारण डॉरथीसुद्धा ती सांगत नाही. ती म्हणते कूळ घोडीवरून ओळखायचं. घोडी शेत बदलते, मालक बदलते, नाव बदलत नाही.

का पाठ केलं विचारशील. तर एवढ्याचसाठी, की एखाद्या दिवशी तू अडखळशील आणि डॉरथीच्या आधी मी सांगेन. तू कधी अडखळलीच नाहीस.

मग डॉरथी जुनिपरला घेऊन आयडाहोला परत गेली, आणि पुढे तूही तिच्याच गावी शिकायला गेलीस. युनिव्हर्सिटी चांगली आहे, मान्य. घोड्यांच्या रक्तावरचा अभ्यास इथे झाला नसता, तेही मान्य. पण राहायला तिच्याच घरी? होस्टेल जळली होती का सगळी? बाबा म्हणाले, परक्या देशात आईसारखी कुणीतरी आहे, बरंच झालं. आईसारखी! मी त्यांच्याशी आठवडाभर धड बोलले नाही.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. त्या दिवशी तू फोन ठेवलास आणि मी तिरीमिरीत म्हटलं, त्यांच्या घोडीचं आजोळ तोंडपाठ आहे पोरीला, आपलंही सांगून टाकू. कागद घेतला. तू, मी, माझी आई, तिची आई. इथपर्यंत आले आणि थांबले. साताऱ्याला मावशीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय गं? मावशी म्हणाली, आईला आम्ही आईच म्हणायचो; अण्णा 'अगं' म्हणायचे. सासरी लक्ष्मी ठेवलं होतं, त्याआधीचं कोण जाणे. आणि तिची आई? मावशी हसायलाच लागली. म्हणाली, तुला तिकडे काही काम नाही वाटतं. नांगराला जुंपलेल्या क्लोव्हरचं नाव आयडाहोत राहिलं बघ, आणि माझ्या सख्ख्या आजीचं साताऱ्यात राहिलं नाही.

माझंही तेच. मी मेधा नाही. म्हणजे आहे, पासपोर्टावर, बँकेत, बाबांच्या तोंडी, सगळीकडे मेधाच. पण जन्मल्यावर माझं नाव सविता ठेवलं होतं. लग्नात तबकात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीनं त्यात 'मेधा' लिहिलं, पेढे वाटले आणि झालं. मला वाईट वाटलं असं नाही हं. उलट मिरवलेच मी, नवी साडी, नवं नाव! कळलं ते इथे आल्यावर. तू बाबागाडीत होतीस, मरीन परेडच्या बाजारात भाजी घेत होते. मागून कुणीतरी "सविता, अगं सविता" म्हणून हाका मारत होतं. मी भोपळा बघत होते. म्हटलं, असेल कुणीतरी सविता. शेवटी माझ्या शाळेतल्या मीनलनं खांदा धरून मला वळवलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ही तर मला बोलावतेय. मीनल खो खो हसली. म्हणाली, बहिरी झालीस का गं? मीही हसले. घरी येऊन तो भोपळा तसाच ठेवून बसून राहिले. माझ्या आईनं मला ज्या नावानं वाढवलं त्या नावाला मी ओ द्यायची विसरले होते, आणि ते मला कुणी सांगितल्याशिवाय कळलंही नव्हतं.

तुझं नाव मी ठेवलंय. एकटीनं. सासूबाईंना स्नेहल हवं होतं, बाबांना काहीही चाललं असतं. माझं त्या घरात काही चालत नव्हतं, हे एक मी चालवलं. बारशाला आत्याबाईंनी मुद्दाम तोंड वाकडं करून म्हटलं, केवढं मोठं नाव! म्हटलं, होईल मोठी, तेव्हा पेलेल. आणि तेच नाव मी गेल्या आठवड्यात सोडून दिलं, कशासाठी, तर डॉरथी 'नको' म्हणाली म्हणून. ती 'बदल' म्हणाली असती तर मी शुभाताईंशी भांडायला पुण्याला विमान पकडलं असतं. इतकं माझं पोट दुखतं तिच्यावरून, तुला काय सांगू.

आणि काल सकाळी तू पाठवलेला फोटो आला. जुनिपरच्या नातीला झालेलं शिंगरू, काटकुळ्या पायांवर कसंबसं उभं, पाठीवर ठिपके सांडलेले. खाली तू लिहिलंयस की डॉटनं हिचं नाव 'ऋग्वेदा' ठेवलं, नोंदही करून टाकली. त्यासाठी 'ऋ' म्हणायला ती महिनाभर शिकत होती. माझ्या अंगाची आग आग झाली. फोन सोफ्यावर आपटला मी. मग उचलला आणि परत बघत बसले, आणि मला जे दिसलं त्यासाठी हे पत्र आहे. त्या शिंगराला लेकी होतील, लेकींना लेकी होतील, आणि शंभर वर्षांनी तिथलं कुठलं तरी पोर जेवताना सांगेल, कॅमस, स्नोबेरी, जुनिपर, ऋग्वेदा. मी ठेवलेलं नाव डॉरथीच्या घोडीकडे राहील आणि माझ्या लेकीकडे डिसेंबरपर्यंतच. असं मी होऊ देणार नाही. तेव्हा नाव बदलू नकोस. मी 'बदल' म्हटलं होतं ते विसर. डॉरथी सांगते म्हणून नाही, मी सांगते म्हणून. शुभाताईंशी तू बोलू नकोस, तुला नव्या घरात जायचंय. त्यांना मीच फोन करते, काय तो वाईटपणा माझ्या पदरात येऊ दे. तांदूळ पसरतीलच, तर ओजसला म्हणावं 'ऋग्वेदा' लिही, आणि 'ऋ' नीट काढ. आणि डॉरथीला यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. नाहीतर बाईला वाटायचं, माझं तिचं एकमत झालं.

तुझीच,
आई